खिळ्यावरच्या जपमाळा

बर्नाडीन शेमान्स्की टोस्टर घ्यायला गेली तरी वॉरंटीचा कागद काउंटरपाशी उभ्याने वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत. मागे उभ्या असलेल्यांना घाई असेल तर त्यांनी दुसरी रांग धरावी. फादर प्रवचनात ‘हे चर्च म्हणजे आपल्या सगळ्यांचं घर’ असं म्हणाले, की हिच्या मनात पाल चुकचुकते, की आता छपराच्या दुरुस्तीचा विषय निघणार. आणि बहुतेक वेळा निघतोच. म्हणजे बाई संशयी खरी, पण तिचा संशय वाया जात नाही हे नॅन्टिकोक गावात सगळे कबूल करतात. तिच्या नवऱ्याचं, लेनर्डचं म्हणणं तर असं, की लग्नात ‘तुला मान्य आहे का’ असं विचारल्यावर ही आधी ‘काय काय?’ म्हणाली होती. ही गोष्ट साफ खोटी आहे. पण तो ती इतक्या वेळा सांगतो की हल्ली बर्नाडीनलाही ती आठवायला लागली आहे.

संशय तिला लागला तो एकोणिसाव्या वर्षी. तिची आई आणि ती, दोघी एकाच ड्रेसच्या कारखान्यात शिवणकामाला होत्या. एका शुक्रवारी मालकाने स्वतःच्या हाताने सगळ्या बायकांना डोनट वाटले, आईच्या पाठीवर थाप मारली आणि ‘सोमवारी भेटू’ म्हणाला. सोमवारी फाटकाला साखळी होती. यंत्रं शनिवारीच ट्रकांत भरून गेली होती. तेव्हापासून कुणी फुकट डोनट पुढे केला की बर्नाडीनचा हात आपोआप मागे जातो.

मग बरीच वर्षं इकडे तिकडे काढून ती चौतिसाव्या वर्षी लाँड्रीत लागली. आठ हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, टॉवेल तिथे येतात. इमारतीचे दोन भाग, मधे भिंत. एक मळकी बाजू, तिथे गाठोडी सोडून कपडे निवडायचे. दुसरी धुतली बाजू, तिथे इस्त्रीचे रोलर आणि घड्या. बर्नाडीन चोवीस वर्षं धुतल्या बाजूला होती. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की समोरच्या बाईबरोबर दोन टोकं पकडायची, एक पाऊल पुढे, घडी, एक पाऊल मागे. काम कंटाळवाणं, पण तिला येत होतं आणि ती ते चोख करायची.

तीन वर्षांपूर्वी क्रेग डेन्हॅम मॅनेजर होऊन आला. वय अडतीस, बूट कायम स्वच्छ, चेहरा कायम हसरा. त्याने आल्या आल्या छताला भोंगा बसवून घेतला. आग लागली तर सूचना द्यायला, असं त्याने सांगितलं. आग काही लागली नाही. भोंग्यातून यायचं ते असं: “बर्नी, बाथरूममध्ये मुक्काम ठोकलास का? चादरी खोळंबल्यात.” पहिल्या वेळी बायका हसल्या. दुसऱ्या वेळी निम्म्या हसल्या. नंतर ज्या बाईचं नाव यायचं ती पाणी प्यायचंच सोडून द्यायची, आणि बाकीच्या हातातल्या चादरीकडे बघत राहायच्या. घड्याळाजवळ, जिथे कार्ड पंच करायला रांग लागते, तिथल्या भिंतीवर तो दर सोमवारी लाल शाईत एक यादी लावू लागला. मागच्या आठवड्यात कोण मागे पडलं, त्यांची नावं. भिंतीवर युनियनची एक जुनी पाटी होती, तिचा खालचा अर्धा भाग त्या यादीखाली गेला.

हे सगळं दिसणारं. न दिसणारं आणखी वेगळं होतं. महिन्या दोन महिन्यांनी तो एकेकीला ऑफिसात बोलवायचा, दार लावायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि निघताना आवाज खाली आणून म्हणायचा, “मला सगळं कळतं हं. तुमच्यातलंच कुणीतरी येऊन सांगतं.” कोण, ते सांगायचा नाही. बाई बाहेर यायची आणि जेवणाच्या टेबलावर प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायची.

बर्नाडीनला मात्र फार बघावं लागलं नाही. तिचा निकाल आठवड्याभरात लागला. ती बाई म्हणजे लॉरेन गॅव्हलिक.

लॉरेन धुण्याच्या यंत्रांवर कामाला होती आणि युनियनची प्रतिनिधीही होती. उंच, रुंद खांद्यांची, तोडून बोलणारी. ती रोज सकाळी सातला क्रेगच्या ऑफिसात जायची, हातात कॉफीचे दोन कप. दहा मिनिटांनी बाहेर यायची. कप एकच असता तर बर्नाडीनने एकवेळ सोडून दिलं असतं. पण दोन कप, आणि तेही रोज! ज्या माणसाशी भांडायला आपण हिला निवडून दिलं, त्याला ही कॉफी पाजते. इथे पाणी मुरतंय हे कळायला बर्नाडीनला आणखी पुरावा नको होता.

त्या दिवसापासून तिने जेवणाच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. ती आपल्या गाडीत बसायची, हीटर लावून, मांडीवर कोबी आणि नूडलची हलुश्की घेऊन. काचांवर वाफ धरायची आणि आतलं बाहेर दिसायचं नाही, ते तिला बरंच वाटायचं. तीन वर्षं ती अशी जेवली. आपण शहाणपणा केला, असंच तिला वाटत होतं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर मळक्या बाजूला युडेल्का नावाच्या बाईच्या बोटात सुई गेली. चादरीत इंजेक्शनची सुई राहिली होती आणि हातमोजे इतके पातळ, की त्यांतून नखाचा रंग दिसावा. युडेल्काला हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या, सहा महिने पुन्हा पुन्हा रक्त द्यायला जावं लागणार होतं. बर्नाडीनने ते भिंतीच्या दारातून पाहिलं आणि तिच्याने राहवेना. पण सांगणार कुणाला? लॉरेनला सांगणं म्हणजे क्रेगलाच सांगणं, मग मधला माणूस कशाला, असा तिने हिशेब केला. ती एकटीच ऑफिसात गेली आणि म्हणाली, “त्या बाजूला जाड हातमोजे पाहिजेत.”

क्रेगने मान हलवली. “छान केलंस सांगितलंस. असं मनमोकळं बोलावं माणसाने.”

पुढच्या सोमवारी भोंगा म्हणाला, “बर्नीला मळक्या बाजूची फार काळजी आहे. आजपासून ती तिकडेच.”

हातमोजे तेच राहिले. चोवीस वर्षं घड्या घातलेले तिचे खांदे ओली गाठोडी ओढून रात्री ठणकायला लागले. पण तिला सलत होतं ते दुसरंच. एकीनेही चकार शब्द काढला नाही. निवडायच्या टेबलाशी ती युडेल्काच्या शेजारी उभी राहिली, आणि जिच्यासाठी आपण इथे आलो ती बाईही तोंड फिरवून कामाला लागली. दोन दिवसांनी लॉरेन एक अर्ज घेऊन आली. “बदलीविरुद्ध तक्रार करायची का?” एवढंच विचारलं, तेही भिंतीकडे बघून.

“काही गरज नाही,” बर्नाडीन म्हणाली. अर्जावरची शाई वाळायच्या आत तो क्रेगच्या टेबलावर जाईल, याबद्दल तिची खात्री होती.

आता खिळ्याचं सांगायला हवं.

हॉस्पिटलच्या चादरीत काय वाट्टेल ते येतं. कवळ्या, चष्मे, कानातली यंत्रं, फोन, एकदा तर नीट कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच. नियम असा, की सापडलेली वस्तू ऑफिसातल्या डब्यात टाकायची. कुणी मागायला आलं तर ठीक, नाहीतर महिनाअखेर डबा कचऱ्यात रिकामा होतो. कवळ्यांचं ते बरोबरच आहे. पण जपमाळाही येतात. म्हातारं माणूस हातात माळ घेऊन झोपतं आणि कधीकधी उठत नाही. नर्सा चादर गोळा करतात, माळ आतच राहते. फादरने पवित्र पाणी शिंपडलेली, कुणाच्या शेवटच्या श्वासापर्यंत मुठीत राहिलेली वस्तू कचऱ्याच्या डब्यात टाकायची, हे त्या लाँड्रीतल्या एकाही बाईला जमलं नसतं. पोलिश घरातली असो, स्लोव्हाक असो, की अलीकडे आलेली डॉमिनिकन. म्हणून निवडायच्या टेबलामागे एक खिळा होता. माळ सापडली की खिळ्याला अडकवायची. शुक्रवारी जिची पाळी असेल तिने पिशवीत भरून टेकडीवरच्या चर्चमध्ये नेऊन द्यायच्या. फादर धडक्या माळा वृद्धाश्रमात वाटायचे आणि तुटक्या दफनभूमीत पुरायचे. पाळ्यांचा कागद खिळ्याशेजारीच चिकटवलेला. लाँड्रीबाहेर काही न्यायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ होता, पण तो टॉवेलांसाठी आहे, माळांसाठी नाही, असं सगळ्यांनी धरलेलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू होता. त्या शुक्रवारी पाळी बर्नाडीनची होती. सात माळा होत्या, एकीचा क्रूस चांदीचा. ती पिशवी घेऊन फाटकाशी आली तर तिथे क्रेग उभा, कोट घालून, हात खिशात. तीन वर्षांत तो कधी फाटकावर उभा राहिला नव्हता.

“जरा पिशवी बघू?” तो म्हणाला. त्याने आत डोकावून पाहिलं, पिशवी आपल्या हातात घेतली आणि हसला. “सोमवारी बोलू.”

सोमवारी भेटू, असं म्हणणारा एक मालक तिने आधी पाहिला होता.

शनिवार-रविवार तिने काढले ते लेनर्डचा डोळा चुकवून. लेनर्डचं हृदय अर्ध्या ताकदीवर चालतं, डब्यात सात कप्प्यांत औषधं भरलेली असतात आणि ती औषधं येतात बर्नाडीनच्या नोकरीच्या विम्यावर. सरकारी विमा मिळायला पासष्ट पुरी व्हावी लागतात, आणि तो त्रेसष्टचा. नोकरी गेली की विमा गेला. चोरीचा शिक्का बसून गेली तर अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार? आणि नॅन्टिकोकमध्ये ‘मेलेल्यांच्या जपमाळा चोरणारी’ असं एकदा पसरलं, की दुकानात पाव घ्यायलाही जाता येणार नाही.

“काय झालंय?” लेनर्डने विचारलं.

“काही नाही.”

“तुझं ‘काही नाही’ म्हणजे बरंच काही असतं.”

“सूप थंड होतंय,” ती म्हणाली. पण डोक्यात एकच भुंगा होता. शुक्रवारी माझी पाळी हे त्याला कुणी सांगितलं? आणि प्रत्येक वेळी तिला कॉफीचे दोन कप दिसायचे.

सोमवारी दहा वाजता भोंगा वाजला. “मिसेस शेमान्स्की, ऑफिसमध्ये या.” आजवर बर्नी, आज मिसेस शेमान्स्की.

ऑफिसात क्रेगच्या शेजारी हेड ऑफिसहून आलेली व्हिटनी नावाची तरुण बाई बसली होती, एचआरची. टेबलावर माळांची पिशवी, एक कागद, एक पेन आणि टिश्यूचा डबा, पहिला टिश्यू आधीच वर ओढून ठेवलेला. रडायची सोय केली आहे म्हणजे रडवायचं ठरलेलं आहे, हे बर्नाडीनने बसायच्या आतच ओळखलं.

“या फक्त गप्पा आहेत,” व्हिटनी म्हणाली. “घाबरायचं कारण नाही.”

“मी कुठे घाबरले?”

“या पिशवीत रुग्णांच्या वस्तू आहेत,” क्रेग म्हणाला. “त्या घेऊन तू बाहेर पडत होतीस. बरोबर?”

“चर्चमध्ये द्यायला.”

“म्हणजे घेऊन बाहेर पडत होतीस.” तो व्हिटनीकडे वळला. “लिहून घ्या.” मग पुन्हा बर्नाडीनकडे, आवाजात साखर घोळवून. “हे बघ, चोरी हा शब्द मला वापरायचा नाही.”

“मग वापरू नकोस.”

“म्हणूनच हा कागद. तू स्वतःहून नोकरी सोडतेस, आम्ही कुणाला काही सांगत नाही. सही केलीस की सगळं इथेच संपलं. नाही केलीस तर मला वर कळवावं लागेल, आणि मग ते माझ्या हातात राहणार नाही.”

पेन तिच्याकडे सरकवलं गेलं. बर्नाडीनच्या डोळ्यांपुढे लेनर्डचा सात कप्प्यांचा डबा होता. पण कागद हातात आला की तो वाचायचा, या सवयीपुढे भीतीचंही चालेना. तिने चष्मा लावला. क्रेगने घड्याळ पाहिलं. ती सावकाश एकेक ओळ उतरत गेली आणि अगदी तळाला, सहीच्या रेघेच्या वर, तिला हे सापडलं: ‘प्रतिनिधी हजर असावा अशी माझी इच्छा नव्हती.’

हे मी कधी म्हटलं? तिने डोक्यात सगळी सकाळ फिरवून पाहिली. म्हटलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. मग जे म्हटलंच नाही ते माझ्या तोंडी लिहून माझी सही कशाला हवी? नको होता असं लिहून घेतात, म्हणजे मागितला असता तर द्यावा लागला असता. तिला घड्याळाजवळची युनियनची पाटी आठवली. रोज रांगेत उभी राहून ती पाटी तिने हजार वेळा वाचली होती, जेवढी यादीच्या वर उरली होती तेवढी. चौकशीला बोलावलं तर प्रतिनिधी मागा. साहेब स्वतःहून सांगणार नाही. तुम्हीच मागायचं.

मागायचं खरं. पण प्रतिनिधी म्हणजे लॉरेन.

एका बाजूला क्रेग, दुसऱ्या बाजूला क्रेगला कॉफी पाजणारी बाई. तरीही तिने विचारून पाहिलं, जसं आपण थंड पाण्यात आधी पायाचं बोट घालतो. “मला लॉरेनला बोलवायचंय.”

क्रेग हसला. “लॉरेनला? अगं, तुझ्या पाळीचं आम्हाला कुणी सांगितलं असं वाटतं तुला?”

तीन वर्षं जे तिने मनात धरलं होतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तिला समाधान वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, कारण आयुष्यात कुणीही तिला हवी ती गोष्ट अशी आयती हातात दिली, की ती आधी उलटी करून बघते. हा मला हे का सांगतोय? लॉरेन याची माणूस असती, तर ती इथे आलेली याला चालली असती. चाललीच काय, त्याने खुर्ची आधीच मांडून ठेवली असती, टिश्यूच्या डब्याशेजारी. तो टिश्यूची तयारी करतो आणि लॉरेनचं नाव काढलं की मला भडकवतो. म्हणजे ती इथे यायला नकोय त्याला. लॉरेन कशी का असेना, क्रेगला जे नको ते आपल्याला हवं, एवढं तिला स्पष्ट दिसलं.

“बोलवा तिला,” ती म्हणाली. “ती येईपर्यंत मी एक अक्षर बोलणार नाही. आणि या कागदावर हे जे शेवटी लिहिलंय ना, ते खोटं आहे.”

“याची काही गरज नाही,” क्रेग म्हणाला.

पण व्हिटनीने पेनाचं टोपण लावलं होतं. ती वयाने लहान असली तरी आपला धंदा शिकून आली होती. “त्यांनी मागितलंय, क्रेग,” ती म्हणाली. “बोलवा.”

लॉरेन रबरी एप्रनमध्येच आली, कोपरापर्यंत ओली. तिने आत एक नजर टाकली आणि खुर्चीवर न बसता म्हणाली, “आधी दहा मिनिटं आम्हा दोघींना.” दोघी बाहेर बोळात जाऊन धुतल्या टॉवेलांच्या गाड्यांमागे उभ्या राहिल्या.

“तू मला बोलावलंस?” लॉरेनने विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

“माझी पाळी आहे हे त्याला तू सांगितलंस?”

“कागद खिळ्याशेजारी चिकटवलाय, बर्नाडीन. माझ्या अक्षरात, हे एवढं मोठं. त्याला वाचता येतं.”

तीन दिवस बर्नाडीनने जगभर शोध घेतला होता, आणि कागद रोज तिच्याच डोक्यामागे होता.

“आणि रोज सकाळचे दोन कप?”

“ते तू मोजतेस होय?” लॉरेनने हात एप्रनला पुसले. “कालच्या अपघातांची वही त्याच्या टेबलात असते. ती रोज बघायचा मला हक्क आहे. कॉफी नेली नाही तर त्याला वही सापडत नाही. युडेल्काच्या सुईची नोंद त्याने केलीच नव्हती, ती मी करून घेतली. आता माझं ऐक. आम्ही सगळ्या तीन वर्षं धरून चाललोय की त्याला सांगणारी तू आहेस.”

“मी?”

“तो म्हणाला तसं. नाव घेतलं नाही, पण म्हणाला, जी तुमच्यात बसत नाही तिला विचारा. तू गाडीत एकटी जेवतेस. बदलीच्या आधी एकटी आत गेलीस, दार लावून बोललीस. मी अर्ज घेऊन आले तर नको म्हणालीस. तुझ्यासमोर कुणी शिंकतसुद्धा नाही, तुला दिसलं नाही?”

दिसलं होतं. बर्नाडीनने त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. तिला लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत, आणि लाजेमागून राग आला, क्रेगवर आणि त्याहून जास्त स्वतःवर. त्याने फक्त एक वाक्य टाकलं होतं. बाकीचं सगळं काम तिने फुकटात करून दिलं होतं.

“आत गेले ती हातमोजे मागायला,” ती म्हणाली. “मग तू आलीस कशाला?”

“तू मागितलंस म्हणून. मागितलं की मला यावंच लागतं. माझा तुझ्यावर अजून विश्वास नाही.”

“माझाही तुझ्यावर नाही.”

“ठीक आहे,” लॉरेन म्हणाली. “विश्वासाचं जेवणानंतर बघू. आत चल.”

आत लॉरेन सावकाश बसली आणि तिने व्हिटनीला विचारलं, तक्रार कुणाची आहे? कुठल्या रुग्णाची, कुठल्या हॉस्पिटलची? व्हिटनीने कागद चाळले. तक्रार कुणाचीच नव्हती. लॉरेन म्हणाली, तो खिळा याच्या आधीच्या मॅनेजरने स्वतःच्या हातोडीने मारलाय, पंधरा वर्षांपूर्वी, त्याच्या आईची माळ अशीच हरवली होती म्हणून. पाळीच्या कागदावर सतरा नावं आहेत. त्यात एक माझं. नियम मोडला असेल तर सतराही जणींना चौकशीला बोलवा.

“बोलवू की,” क्रेग म्हणाला.

“बोलव. प्रत्येकीबरोबर मी येणार. आता यंत्रं सोडून मी इथे बसलेय, खाली गाड्या साठतायत. सतरा जणींना किती वेळ लागेल ते तूच काढ, तुला याद्या करायला आवडतात. हॉस्पिटलांचे फोन आले की तूच घे.” मग ती पुन्हा व्हिटनीकडे वळली. “आणि एक लिहून घ्या. हिने हातमोजे मागितले त्या आठवड्याची तारीख. पुढच्या सोमवारी हिची बदली झाली, ती तारीख. आणि परवाच्या शुक्रवारची.”

व्हिटनीने टोपण काढलं. तिन्ही तारखा तिने एकाखाली एक लिहिल्या आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बर्नाडीनपुढचा कागद उचलून आपल्या फाइलमध्ये ठेवला. “आज कुणी कशावर सही करायची नाही,” ती म्हणाली. “पुढचं आम्ही कळवू.”

कळवू म्हणजे काय, हे बर्नाडीनला नेमकं माहीत होतं. संपलं असं कुणी म्हटलं नव्हतं. क्रेग अजून हसत होता, फक्त त्याचे बूट टेबलाखाली हलत होते. उठताना तिने माळांच्या पिशवीवर हात ठेवला आणि व्हिटनीकडे पाहिलं. व्हिटनीने नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. बर्नाडीनने पिशवी उचलली.

बारा वाजता तिने लॉकरमधून डबा घेतला. पाय सवयीने गाडीकडे निघाले होते, ते तिने दारातून वळवले. ती जेवणाच्या खोलीत शिरली आणि आतलं बोलणं जागच्या जागी थांबलं. दहा-बारा बायका, प्रत्येकीने आपल्या डब्यात डोळे घातलेले. आजवर हे गप्प बसणं तिला लॉरेनचं काम वाटत आलं होतं. आता ते आपल्यासाठी आहे हे तिला कळलं आणि खुर्चीपर्यंतची चार पावलं फार लांब वाटली.

‘मी नव्हते’ असं म्हणून उपयोग नव्हता. दुसरी कुणी म्हणाली असती तर तिनेही विश्वास ठेवला नसता. म्हणून तिने आत काय झालं ते सांगितलं, टिश्यूच्या डब्यापासून कागदाच्या शेवटच्या ओळीपर्यंत. कुठलं वाक्य म्हटल्यावर क्रेगला थांबावं लागलं, ते दोनदा सांगितलं. मग लॉरेनकडे बघत, लाज गिळून, दोन कपांचंही सांगितलं. आणि हातमोजे मागायला आपण एकटी का गेलो, तेही.

लॉरेन सफरचंद कापत होती, तिने मान वर केली नाही.

टेबलाच्या टोकाला युडेल्का होती. पाच महिने दोघी एका टेबलाशी उभ्या होत्या. वयाने मोठ्या बायकांना ती मानाने दोन्या म्हणते. बर्नाडीनला तिने आजवर काहीच म्हटलं नव्हतं.

“हातमोजे माझ्यासाठी मागितले होते?” तिने विचारलं.

“तुझं बोट पाहिलं होतं मी.”

युडेल्काने हातातला चमचा खाली ठेवला. “मला वाटलं, तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला पाठवलंय. मी रक्त तपासायला जाते, कामाला उशीर होतो, ते लिहून घ्यायला. मी घरी सांगितलं, ती बाई शेजारी असली की पाणीसुद्धा प्यायचं नाही.” तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत. “पाच महिने, दोन्या बर्नाडीन.”

ज्या बाईसाठी बर्नाडीनने खांदे मोडून घेतले होते, ती बाई तिच्याच भीतीने तहानलेली उभी होती, हाताच्या अंतरावर.

“हातमोजे अजून तेच आहेत,” युडेल्का म्हणाली.

“हो,” बर्नाडीन म्हणाली. तिने आपल्या पाण्याची बाटली उघडली आणि तिच्यापुढे सरकवली. “पी आधी. मग दोघी वर ऑफिसात जाऊ.”